सिनॅमन रोलमधली साखर ट्रेमध्ये का वाहते?

लोणी वितळवून लावलं, की ते साखरेला धरून ठेवत नाही, भाजताना साखरेचा पाक होतो आणि तो लोण्यासोबत रोलखाली उतरतो. तळ करपून कडक, आतले थर मात्र कोरडे. म्हणून लोणी फक्त मऊ हवं: बोट दाबलं की खड्डा पडावा, पण चकाकी दिसू नये.

500 ग्रॅम मैद्याच्या कणकेसाठी 80 ग्रॅम लोणी, 150 ग्रॅम ब्राऊन शुगर, दोन मोठे चमचे दालचिनी पूड, चिमूटभर मीठ आणि दोन छोटे चमचे मैदा एकत्र फेटून घ्या. हा मैदाच पाक धरून ठेवतो. दालचिनी कणकेत मात्र घालू नका, तिच्यामुळे यीस्ट मंदावतं.

पोळी साधारण 45 बाय 30 सेंटीमीटरची लाटा. त्यावर हे सारण पसरताना लांबीकडची एक कड दोन सेंटीमीटर कोरी ठेवा, तिला पाण्याचं बोट फिरवा आणि गुंडाळी तिथे चिकटवा. गुंडाळी फार आवळली, तर भाजताना मधला भाग शंकूसारखा वर येतो.

सुरीने गुंडाळी चेपते. शिवणाचा जाड दोरा खालून सरकवा, टोकं वर आणून फुली मारा आणि ओढा. बारा तुकडे होतात.

दुसऱ्यांदा फुगल्यावर बोटाचा ठसा हळूहळू भरून आला, की 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटं भाजा. आयसिंग रोल कोमट असताना लावा.