गळ टाकताना चारा मोजून टाका

मासे जमावेत म्हणून आपण सुरुवातीलाच चाऱ्याचे मोठे गोळे पाण्यात टाकतो. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू संपवतं. उन्हाळ्यात, साचलेल्या पाण्यात तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. बघवत नाही ते.

मी आता असं करतो:

१. दिवसभराचा चारा घरूनच एका लहान डब्यात मोजून नेतो.
२. आधी फक्त एक मूठ. मग १५-२० मिनिटं थांबायचं.
३. गळाला ओढ लागली, तरच पुढची अर्धी मूठ.
४. मका, हरभरा रात्रभर भिजवून, बोटाने सहज चिरडेल इतका शिजवायचा. कच्चा कडक दाणा माशाच्या पोटात फुगतो.
५. उरलेला चारा घरी परत.

आमिष म्हणून दुसरीकडून आणलेले जिवंत छोटे मासे उरले, तर दया येऊन ते तिथल्या पाण्यात मात्र कधीही सोडू नका. त्यांच्याबरोबर रोग आणि परक्या जाती त्या पाण्यात शिरतात, आणि एकदा शिरल्या की त्या काढणं जवळजवळ अशक्य.