बेस करंट कधी सोडायचा, कधी धरायचा

डिप्लोमाला ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज डिव्हायडर बायसिंग (सप्लायला लावलेल्या दोन रेझिस्टरांच्या जोडीतून बेसला ठरावीक व्होल्टेज देणं) शिकताना ‘बेस करंट नगण्य धरा’ हे वाक्य कानावर पडतंच. पेपरात त्यावर मार्क मिळतात. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी मात्र विचारतो, नगण्य म्हणजे कशापुढे?

गणितच करू. सप्लाय १२ व्होल्ट, वरचा रेझिस्टर ४७ के (किलोओहम), खालचा १० के, एमिटरला १ के, बीटा (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट) १००. बेस करंट सोडला तर बेसवर २.१ व्होल्ट, एमिटरवर त्याहून ०.७ ने कमी, १.४, म्हणजे एमिटर करंट १.४ मिलिअँपिअर. आता बेस करंट धरून थेवेनिन लावा, म्हणजे डिव्हायडरच्या जागी एकच व्होल्टेज आणि एकच रेझिस्टर धरा. ४७ आणि १० के समांतर धरले की ८.२५ के. १.४ व्होल्टला (८.२५ + १०१) के ने (१०१ म्हणजे बीटा अधिक एक, गुणिले एमिटरचा १ के) भागलं की बेस करंट जेमतेम १३ मायक्रोअँपिअर येतो आणि एमिटर करंट १.३ वर. सात-आठ टक्क्यांचा फरक. पाच टक्केवाले रेझिस्टर वापरणाऱ्याने त्यावर डोकं शिणवू नये.

आता तेच प्रमाण ठेवून ४७० के आणि १०० के लावा. कागदावर बेस अजूनही २.१ व्होल्टच. प्रत्यक्षात १.४७, आणि एमिटर करंट ०.७७, जवळपास निम्मा! कारण डिव्हायडरमधून वाहतातच २१ मायक्रोअँपिअर आणि त्यातले सात-आठ बेसच ओढून घेतो.

खरी गंमत ट्रान्झिस्टर बदलल्यावर. बीसी ५४७ च्या डेटाशीटात बीटा ११० ते ८०० आहे. १०० च्या जागी ३०० बीटाचा नग आला, तर मोठ्या रेझिस्टरांच्या सर्किटात करंट ०.७७ वरून १.१ वर उडी मारतो, लहानांत १.३ चा १.३७ होतो, बस. म्हणून डिव्हायडरचा करंट बेस करंटच्या निदान दहापट ठेवायचा, आणि हिशेबात बीटा डेटाशीटातला सर्वात कमी घ्यायचा.

‘मग इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला दिसणारा रोध) घसरेल ना?’ घसरेल थोडा. पण एमिटरला बायपास कपॅसिटर (सिग्नलला एमिटर रेझिस्टर टाळून ग्राउंडकडे वाट देणारा) असेल तर एवढ्या करंटला ट्रान्झिस्टरचाच इनपुट दोनेक के असतो. त्याला समांतर ८ के काय नि ८२ के काय, फारसं काही पदरात पडत नाही.

मोजतानाही जपून. स्वस्त पिवळ्या मल्टीमीटरचा इनपुट बहुधा १ मेगओहमच असतो. ४७०-१०० के च्या जोडीवर बेसला प्रोब लावला की तोही करंट ओढतो. एमिटरचा व्होल्टेज मोजा आणि त्यात ०.७ मिळवा.