पावसातली रानफुलं टिपताना या चुका टाळा

बेळगावजवळचं जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की श्रावणात रस्त्याच्या दोन्ही कडांना तेरडा माजलेला असतो. एका वर्षी भुरभुर पावसात तिथं तासभर उकिडवा बसून मी साठेक फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर गुलाबी तेरडा सगळा जांभळट. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, माझा तर संध्याकाळपर्यंतही टिकला नव्हता. दोष कॅमेऱ्यात शोधला, फोनमध्ये शोधला. दोष होता छत्रीत. घरातली निळी छत्री फुलावर धरली होती आणि तिच्यातून गाळून आलेला उजेड पाकळ्यांवर पसरला होता.

म्हणून पहिली सूचना: फुलावर रंगीत छत्री धरू नका. काळी छत्री रंग बदलत नाही, पण उजेड खाते. ती स्वतःच्या डोक्यावर आणि कॅमेऱ्यावर असू द्या. फुलावर धरायचीच असेल तर पांढरी, नाहीतर दुधी प्लास्टिकचा तुकडा. अंगातल्या रेनकोटचंही तसंच. भडक लाल-पिवळा रेनकोट घालून फुलाच्या वीतभर जवळ बसलात तर त्याची झाक ओल्या पाकळीवर उतरते.

छत्री नसतानाही रंग बिघडत असेल तर व्हाइट बॅलन्स बघा, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा फोटोचे रंग जुळवतो ती सेटिंग. तो ऑटोवर असला की कॅमेरा प्रत्येक फोटोला वेगळा अंदाज बांधतो, आणि ढगाळ उजेडात हिरवा-जांभळा भाग निळसर करून टाकतो. ढगाचं चिन्ह निवडून तो एकदाच पक्का करा. झाडीखाली मात्र पानांमधून येणारा उजेड हिरवट असतो. तिथं एक फोटो पांढऱ्या कागदाचा काढून ठेवला तर नंतर रंग जुळवायला सोपं जातं.

उजेड कमी वाटतो म्हणून फ्लॅश मारणं ही दुसरी चूक. ढगाळ आभाळ म्हणजे आयता मोठा मऊ दिवा. सावल्या कडक पडत नाहीत. फ्लॅश लागला की प्रत्येक थेंबावर पांढरा ठिपका उठतो आणि पाकळी सपाट दिसते. फुलाची खालची बाजू काळवंडत असेल तर गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोलचा तुकडा खालून तिरका धरा. तो भिजत नाही, चिखल लागला तर पुसून परत पिशवीत.

फोटो हलून येत असतील तर थरथर तुमच्या हाताची की वाऱ्याची, हे आधी ठरवा. मागचा दगड स्पष्ट आणि फूल धूसर असेल तर वारा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० पर्यंत चढवून शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास आणा आणि झुळूक पडायची वाट बघा. ती पडतेच, फक्त आपल्याला घाई असते.

पिवळी फुलं वेगळीच डोकेदुखी. सोनकीच्या मागं काळपट ओला कातळ असला की कॅमेरा काळोख मोजून उजेड वाढवतो आणि पाकळ्यांचा नुसता पिवळा डाग होतो. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे दोन-तृतीयांशावर आणून कमी करा, पाकळीवरच्या रेषा परत दिसतात. उलट, फूल आभाळासमोर धरून खालून फोटो काढलात तर ते काळं पडतं. आभाळ चौकटीबाहेर ठेवा, मागं डोंगराची हिरवाई घ्या.

बेळगावाहून एसी गाडीने निघून चोर्ला घाटाच्या वाटेवर उतरलात आणि सगळं धुक्यासारखं दिसलं, तर आधी लेन्स बघा. थंडगार काचेवर बाहेरची दमट हवा लागून बाष्प धरतं. पुसत बसू नका, पुन्हा धरतं. पोचण्याआधी पंधरा मिनिटं एसी बंद करून काचा खाली करा. साध्या बसने येणाऱ्याला ही कटकटच नाही.

वेळही चुकते. केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो. नाश्ता उरकून रमतगमत निघणाऱ्यांनी त्याची आशा सोडावी.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चालताना मात्र सांभाळा. सीतेची आसवं बोटभर उंचीची, ओल्या पातळ मातीत उगवतात आणि पायाखाली काय गेलं ते कळतही नाही. कातळावरून वळसा घाला, गुडघे कातळावर टेका. फूल तोडून सोयीच्या जागी मांडणारे भेटतात. मी एकदा कळलावीपाशी असाच ताटकळत बसलेला पाहून एक आजी म्हणाली, "काय शोधालायस रे बाळा? तोडून ने की घरला, तिथं बसून काढ." मी म्हटलं, "आजी, घरात हा पाऊस कुठला?" ती हसली आणि उलट मलाच बजावून गेली की हिच्या कंदाला हात लावू नकोस, विषारी असतो. तिचं खरं होतं.

परत आल्यावर ओली बॅग चेन लावून कपाटात ठेवू नका. कॅमेरा, लेन्स, पट्टा सगळं सुटं करून पंख्याखाली ठेवा, मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. फोन तांदळात पुरण्यात अर्थ नाही, तांदळाची भुकटी तेवढी चार्जिंगच्या खाचेत बसते. मी एका पावसाळ्यात बॅग तशीच ठेवली होती. खंडेनवमीला पूजेसाठी कॅमेरा बाहेर काढला, तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. त्यावरच हळद-कुंकू वाहिलं.