तंबोरा बंद करा: आयर्लंडच्या गाणं ‘म्हणणाऱ्या’ बायका कशा शोधाव्यात

‘आयरिश बायकांची गाणी’ असं नेटवर शोधलं की धुक्यातली टेकडी येते, पांढरा झगा येतो, हार्प येते आणि विहिरीतून यावा तसा घुमवलेला आवाज येतो. मी दोन महिने तेच ऐकत होते. लेक नर्स म्हणून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेला गेली, तिच्या गावचं काहीतरी कानावर असावं, एवढाच हेतू. मग एका रविवारी तिचा फोन आला. ‘आई, काल पबमध्ये एक आजी गायली. साथीला काही नाही. सगळा पब चिडीचूप. आणि शेजारच्या माणसाने तिचा हात हातात घेऊन गाण्याबरोबर हळूहळू फिरवत ठेवला होता, जात्याचा खुंटा फिरवावा तसा.’

या गाण्याला शॉन-नोस म्हणतात, म्हणजे ‘जुनी रीत’. आयरिश भाषेत, एकट्याने, वाद्याशिवाय. शोधताना इंग्रजी अक्षरं अशी घाला: एस-ई-ए-एन, मग एन-ओ-एस, आणि पुढे ‘गायन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जोडायला विसरू नका. याच नावाचा नाचही आहे. मी विसरले होते, आणि तासभर लोकांचे खडखडणारे बूट बघत बसले.

‘सर्वोत्तम दहा गायिका’ छापाच्या याद्या सोडून द्या. एकच बाई धरा. मी सोरखा नी घूरिम धरली. जन्म 1911, गॉलवेच्या पश्चिमेला कोनेमारा नावाचा मुलूख आहे, तिथल्या कारना भागातली. वर्तमानपत्राची संपादक होती, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आयरिश शिकवायची, आणि 1976 मध्ये लंडनमध्ये एकटीच वारली. तिची तबकडी फोकवेज या अमेरिकन कंपनीने 1957 मध्ये काढली. फोकवेज आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे आणि जुनं काहीच बाजारातून काढून घेत नाही, त्यामुळे तबकडी आजही मिळते. सोबतची पुस्तिका त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येते. ती आधी उतरवा, गाणं मागाहून.

आता माझा गाढवपणा. मी मिरजेची. सतारमेकरांच्या गल्लीत लहानाची मोठी झाले, त्यामुळे खाली तंबोरा नसला की गाणं मला उघडंबोडकं वाटतं. म्हणून फोनवर तंबोऱ्याचं ॲप लावलं, सोरखाच्या षड्जाशी जुळवलं आणि दोन्ही एकदम सुरू केलं. पहिलं कडवं कसंबसं निभावलं. पुढे तिचा गंधार एकदा कोमलकडे, एकदा शुद्धकडे, आणि बराच वेळ दोघांच्या मधेच कुठेतरी. ती बेसूर नव्हती, माझा तंबोरा आगंतुक होता. या गाण्यात काही स्वरांची जागा ठरलेली नसते, आणि वाद्यच नसल्यामुळे तिथे पकडायला कोणी नसतं. ताल शोधू नका, टाळी तर मुळीच देऊ नका. श्वास शब्दांच्या मागे जातो. मुरकीसारख्या जागा भरपूर आहेत, पण त्या दर कडव्याला वेगळ्या शब्दावर येतात.

हे कळायला मला एका शब्दाने मदत केली. तिथे कोणाला गा म्हणायचं असेल तर ‘अबर औरॉन’ म्हणतात. अबर म्हणजे बोल, सांग, म्हण. ‘गाणं म्हण!’ आपण पाहुण्यांसमोर पोराला सांगतो तेच, शब्दाला शब्द. माझी आजी कधी गाणं ‘गायली’ नाही, म्हणायचीच. पुष्कळ शॉन-नोस गायक तर शेवटची ओळ गातही नाहीत, साध्या आवाजात बोलून टाकतात आणि गप्प बसतात. पहिल्यांदा मला वाटलं रेकॉर्डिंग तुटलं.

म्हणून पुढची पायरी सुरांची नाही, शब्दांची. एक गाणं घ्या आणि ते अनेक तोंडून ऐका. मी ‘डोनल ओग’ घेतलं, म्हणजे तरुण डोनल. फसवली गेलेली मुलगी बोलते आहे. तू मेंढवाड्यापाशी येईन म्हणालास, मी शीळ घातली, तीनशे हाका मारल्या, तिथे एक कोकरू तेवढं ओरडत होतं. तू सोन्याचं गलबत देणार होतास. आणि शेवटी: तू माझी पूर्व नेलीस, पश्चिम नेलीस, मला भीती वाटते की माझा देवसुद्धा नेलास. याचा इंग्रजी अनुवाद समोर ठेवा, ‘कोकरू’ कुठल्या जागी येतं ते हेरा, आणि प्रत्येक बाई त्या जागी काय करते ते बघा. एक तिथे थबकते, दुसरी भरभर पुढे जाते. मला तरी बायांची ओळख अशीच पटू लागली. चालसुद्धा प्रांताप्रांताला वेगळी निघते, त्याने गोंधळू नका.

नावांचा घोळ मात्र समजून घ्या, नाहीतर निम्म्या बाया हाती लागणार नाहीत. पुरुषाच्या आडनावातला ‘ओ’ मुलीच्या नावात ‘नी’ होतो, बायकोच्या नावात ‘ई’. ‘मॅक’चा मुलीसाठी ‘निक’ होतो. त्यात आडनावाच्या पहिल्या अक्षरामागे पुष्कळदा एक एच घुसतो. म्हणजे माहेरचं, सासरचं आणि इंग्रजी, अशी एकाच बाईची तीन स्पेलिंगं सापडतात. शिवाय गावातलं नाव निराळंच. नॅन टॉम टॅमीन ही कोनेमारातली थोर गायिका. टॅमीनच्या टॉमची नॅन, बस्स. बापाचं नाव लावायची सवय असलेल्या आपल्याला हे जड जाऊ नये.

नावं जमली की जुन्या रेकॉर्डिंगांच्या दप्तरांकडे वळा, कारण यातल्या कितीतरी बायका स्टुडिओत गेल्याच नाहीत. कोणीतरी यंत्र घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात आलं. कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्हर्नीजवळची बेस क्रोनिन (1879–1956) घ्या. लोकगीतं गोळा करणाऱ्या शेमस एनिसने 1947 मध्ये बीबीसीसाठी तिचा आवाज टिपला, 1951 मध्ये तेच काम करणारा अमेरिकेचा ॲलन लोमॅक्स आला. तेव्हा ती 71 वर्षांची होती. लोमॅक्सचा संग्रह नेटवर फुकट ऐकता येतो. पोराला मांडीवर नाचवायची गाणी ती म्हणते तेव्हा आवाज म्हातारा आहे याचा विसर पडतो. उत्तरेच्या डोनेगल परगण्यातल्या अरनमोर बेटावरची रोशा बेसच्याच वर्षी जन्मलेली. लोक तिला ‘गाण्यांची रोशा’ म्हणत, आणि आयरिश रेडिओने 1953 मध्ये तिला गाठलं. उत्तरेकडची गायकी कमी नक्षीची, सरळ. कोनेमारानंतर लगेच ऐकलीत तर फिकी वाटेल. मधे एखादा दिवस जाऊ द्या. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधल्या पारंपरिक संगीताच्या संग्रहालयाची साइटही उघडून ठेवा, पण रात्री नको. मी एकदा दहाला उघडली आणि दूध नासलं.

मधल्या पिढीतली कातलीन मॉड (1941–82) कवयित्री, नटी आणि भाषेसाठी भांडणारी बाई. तिची 1975 ची तबकडी गेल लिन या कंपनीची. मला ती सोरखाहून जवळची वाटते, पण सुरुवात तिच्यापासून करू नये. तिच्या गाण्यातला संताप आधी शब्द कळल्याशिवाय पोचत नाही.

आजच्या बायकांसाठी कोर्न ई रीअदा या शॉन-नोस गायनाच्या स्पर्धेतल्या विजेत्यांची नावं चाळा. सेरा ग्रिअलिश 1984 ची विजेती. तिच्या बहिणी नॅन आणि नोरा याही गायिका. नेल नी ख्रोनीन 2012 ची, बेसच्याच मुलखातली. अंतिम फेरी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला शनिवारी रात्री असते आणि रेडिओ ना गेलताख्त हा आयरिश भाषेतला रेडिओ ती थेट देतो. त्यांची साइट मिरजेतही चालते. घड्याळ तेवढं सांभाळा: त्या सुमारास आयर्लंड आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. मधूनमधून श्रोत्यांतून एखादा शब्द मोठ्याने येईल. ती दाद आहे, कोणी भांडत नाही. मी दुपारी झोपून घेते, आणि रात्री हेडफोन लावते, म्हणजे ह्यांची झोप मोडत नाही.