बेळगावात घर बांधताय? खिडकीखालच्या पट्टीचा ढाळ आधी बघा

सोलापूर-लातूरकडून बेळगावात येऊन घर बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मीही सोलापूरचा, इथं एकोणीस वर्षं झाली. शाळा, गॅस, बाजार चार दिवसांत जमतं. पाऊस मात्र आपल्याकडचा नाही. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून वाऱ्यासकट आडवा मारतो, खानापूर-जांबोटीकडे तर त्याहून जोरात.

माझ्या घरी गवंड्यानं खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी पाणसळ लावून अगदी सपाट बसवली आणि मी त्याला शाबासकी दिली. पहिल्याच आषाढात पाणी चौकटीखालून आत शिरलं. गिलाव्याला पोपडे आले, कपाटाची पाठ फुगली, बायकोच्या लग्नातल्या शालूला बुरशी लागली. चार खिडक्या उचकटून पुन्हा बसवायला अठरा हजार गेले. शालू गेला तो गेलाच.

म्हणून पट्टीला बाहेरच्या अंगाला ढाळ हवाच, सहा इंच रुंदीला निदान अर्धा इंच. पट्टी चौकटीच्या खाली सरकलेली हवी, दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत इंचभर घुसलेली हवीत. नुसती फट बुजवून भागत नाही. गिलाव्याच्या पुढं ती दीड-दोन इंच यायला हवी. आणि खालून, पुढच्या कडेपासून पाऊण इंच आत, लांबभर एक खाच कटरनं मारून घ्या. हे विसरूच नका. खाच नसली की थेंब पट्टीच्या पोटाला चिकटून उलटा भिंतीकडं जातो. असली की तिथंच सुटून खाली पडतो. फरशीच्या दुकानात हे दहा मिनिटांचं काम, पट्टी बसल्यावर फार जिकिरीचं.

दगड ग्रॅनाइटच घ्या, कडाप्पाचे पापुद्रे सुटतात. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकची बाहेरची भोकं पाणी बाहेर जायलाच असतात, ती सिलिकॉननं बुजवू देऊ नका.

इथल्या गवंड्यांच्या हातात कसब आहे, पण कामाच्या आधी सांगावं लागतं. बरेचसे कन्नड बोलणारे, तेव्हा ‘नीरु होरगे होगबेकु’, पाणी बाहेर गेलं पाहिजे, एवढं तरी पाठ करा. आपली माणसं दहा-दहा वर्षं राहून कन्नडचं एक वाक्य शिकत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. शेजाऱ्याला विचारायलाही लाजतात आणि मग पावसाळाभर खिडकीत गोणपाट कोंबून बसतात.

गवंड्याचा हिशेब करण्याआधी चौकटीच्या कडेला तांब्याभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा. पाणी खाचेशी थेंबाथेंबानं सुटत असेल, तरच रंगाऱ्याला बोलवा.