सेव्हन-झिप नसलेल्या कॉम्प्युटरवरही उघडणारं गाठोडं

रावेरहून धुळ्याला मामांकडे केळीच्या बागेचे सातबारे, ठिबकची बिलं, फोटो असा सगळा पसारा द्यायचाय आणि त्यांच्या विंडोजवर सेव्हन-झिप (फाईली एकत्र बांधणारा आणि उलगडणारा प्रोग्राम) नाही? सेल्फ-एक्स्ट्रॅक्टिंग, म्हणजे आपली आपण उलगडणारी फाईल करून द्या.

आपल्याकडे सेव्हन-झिप हवं. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाईप करायची खिडकी) ‘७झेड’च्या आधी सेव्हन-झिपच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता घालून, इंग्रजी अक्षरांत लिहा:

७झेड ए -एसएफएक्स७झेड.एसएफएक्स डी:\बाग.ईएक्सई डी:\कागदपत्रं

‘ए’ म्हणजे फाईली भरा. ‘-एसएफएक्स७झेड.एसएफएक्स’मुळे गाठोड्याच्या पुढे उलगडणारा छोटा प्रोग्राम चिकटतो. मामांनी डबल-क्लिक केलं, की कुठे उलगडायचं एवढंच तो विचारतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात घाला. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

पासवर्ड हवा तर ‘-पी’ जोडा. फाईलींची नावंही झाकायची तर सोबत ‘-एमएचई=ऑन’. सातबाऱ्यासोबत आधार, बँक पासबुक असेल तर हे कराच.

ईएक्सई फाईल ईमेलला जोडली तर बऱ्याचदा अडवली जाते, म्हणून पेनड्राइव्हच बरा. आणि देण्याआधी एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.