नव्याने रुजू होणाऱ्या अंगणवाडी सेविकेसाठी: बाईंनी लावलेलं वळण

निवड झाली की मुली विचारतात, प्रशिक्षण कधी असतं? प्रशिक्षण होतं. अंगणवाडीच्या सहा सेवा, आहार, नोंदवह्या, पोषण ट्रॅकर हे नोंदींचं मोबाइल ॲप, सगळं सांगतात. पण त्याची वाट बघत बसू नका. आधी शेजारच्या अंगणवाडीतली जुनी सेविका गाठा. माझी अंगणवाडी नाशिक तालुक्यातच, गिरणारेच्या बाजूला. काम शिकले ते पलीकडच्या पाड्यावरच्या बाईंकडून. त्या निवृत्त झाल्या, पण वजनाच्या दिवशी अजून त्यांचीच वाक्यं माझ्या तोंडून निघतात.

वजन हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि खरं कामही तेच. बाई काटा शहाबादी फरशीवरच ठेवायच्या, सारवलेल्या ओट्यावर कधीच नाही. आधी शून्य बघायचा. मुलाच्या चपला, स्वेटर, वाळे काढायचे. चांदीचा करदोटा आया काढू देत नाहीत, तर तो दर महिन्याला तसाच असू दे, पण वहीत तसं लिहायचं. नाहीतर एक महिना काढला, एक महिना नाही, आणि पोर घटलं म्हणून आपणच घाबरायचं. ९.४ किलो आलं तर ९.४ च लिहायचं. साडेनऊ लिहायचा मोह होतो, कारण मूल कुपोषणाच्या श्रेणीत गेलं की कामही वाढतं आणि वरून विचारणाही होते. बाई म्हणायच्या, “आकडा सुधारायला आपल्याला ठेवलेलं नाही.” दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच मोजायची, कितीही रडलं तरी. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळी, म्हणजे मध्यम. ही पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. आणि दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघायचं, खळगा तसाच राहतो का. सुजेमुळे वजन चांगलं दिसतं आणि मूल मात्र गंभीर असतं, म्हणून हे विसरायचं नाही.

पण बाईंची खरी नजर काट्याच्या आधीच लागलेली असायची. मूल कोणाच्या कडेवर आलं? सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर आलं असेल तर आई पहाटेच गिरणारेच्या नाक्यावर मजुरीला उभी राहायला गेलेली असते, आणि पोर चहावर असतं. आईला “जेवला का?” असं विचारायचं नाही, जगातली कुठलीही आई हो म्हणणार. “सकाळी ताटलीत काय होतं?” हे विचारायचं. मग कळतं, नागलीची भाकर होती, पण सोबत पातळ काहीच नव्हतं, म्हणून त्याने अर्धीही खाल्ली नाही. तिथून पुढे बोलता येतं. वरण नसेल तर पेज कर, वर चमचाभर तेल घाल. शेंगदाणे देणार असशील तर कुटूनच दे.

लाल पट्टीतल्या मुलाला समोर बसवून खाऊ घालून बघायचं, हेही त्यांचंच. भूक असेल आणि दुसरा आजार नसेल, तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात, कुपोषित मुलांना जादा आहार देतात तिथे, सांभाळता येतं. घासच घेत नसेल, ताप असेल, सूज असेल, तर आरोग्य सेविकेला लगेच कळवायचं, मूल दवाखान्यात गेलंच पाहिजे.

सगळंच त्यांचं उचललं असं नाही. त्या आयांना चारचौघांत झापायच्या, ते मला कधी पटलं नाही. झापलेली आई पुढच्या महिन्यात येत नाही. मोबाइलचाही त्यांना राग. मला विचाराल तर ॲपमुळे मागच्या महिन्याचं वजन पटकन समोर येतं, हे सोयीचंच. फक्त आधी वहीत, मग मोबाइलवर. रेंज गेली तर आकडा डोक्यात ठेवू नका.

गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी जायचं, यात त्यांनी कधी सूट दिली नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, मुलं येईनात म्हणून ती त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली, हे बाई प्रत्येक नवीन मुलीला ऐकवायच्या. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांचं नावही मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. सरकारची अंगणवाडीची योजना १९७५ ची, म्हणजे पोरांच्या दारात जाण्याची रीत तिच्याही आधीची.

आमच्याकडे गैरहजेरीचं मोठं कारण द्राक्षं. छाटणी सुरू झाली की टोळ्या दिंडोरी, निफाडकडे निघतात, पोरंही सोबत. टोळ्या निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई घरोघर फिरून आईच्या हातात वजनाचं कार्ड देत. मीही देते, आणि मळा कुठल्या गावात ते विचारून घेते. मग तिथल्या सेविकेचा नंबर मिळवून फोन करते: लाल पट्टीतलं मूल येतंय, करदोट्यासकट वजन धरलंय, आणि आई सकाळी लवकर मळ्यात जाते, तिला गाठायचं तर संध्याकाळीच जा.